मिठीचं माहेर

(दृश्य: पवई तलावाचा सांडवा. संततधार.)

तलाव भरला, सांडव्यावरून पाणी सुटलं की पवईला जत्रा लागते. छत्र्या, कटिंग चहा, भाजलेलं कणीस, फोटो. तलावात मगरी आहेत याची आठवणही कुणाला राहत नाही. आज आपण फोटो काढून परतणार नाही, या पाण्यामागोमाग जाणार आहोत.

विहार आणि पवई हे मिठी नदीचं माहेर. दोन्ही तलाव ओसंडले की पाणी साकीनाक्याकडे उतरतं, विमानतळाच्या धावपट्टीखालून जातं, कुर्ला, वांद्रे-कुर्ला संकुल, धारावी करत माहीमच्या खाडीला मिळतं. जेमतेम अठरा किलोमीटर. डोंगरात पडलेला पाऊस कुर्ल्याच्या उंबऱ्याशी यायला दिवस लागत नाही. तरी तिला आपण नदी कधी म्हटलंच नाही. नाला म्हणायचो.

(दृश्य: कुर्ला, मिठीकाठची घरं. भिंतीवर पाण्याची जुनी रेघ.)

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. २०४ मिलिमीटरच्या पुढे गेलं की हवामान विभाग 'अत्यंत मुसळधार' म्हणतो. हा त्याच्या चौपटीहून जास्त. आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्याला? ७३ मिलिमीटर. फोर्टातल्या ऑफिसच्या खिडकीतून पाहणाऱ्याला हा नेहमीचाच पाऊस वाटला. घरी जायला निघाले, आणि मग रात्रभर रस्त्यावर. काहीजण गाडीच्या बंद काचांमागे गुदमरून गेले.

म्हणून मुंबईत पाऊस आपल्या खिडकीतून मोजू नये. बोरिवलीच्या जंगलात, विहारच्या बाजूला काय पडतंय, ते विचारावं.

(दृश्य: माहीमची खाडी, भरतीची वेळ.)

दुसरा प्रश्न समुद्राचा. शहरातल्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबानं बांधलेल्या, तेही ओहोटी असेल तर. भरतीला समुद्र वर चढतो आणि पाण्याला बाहेर पडायची वाट राहत नाही. पुढे पंपिंग स्टेशनं आली, फरक पडला, पण भरतीच्या वेळी जोराची सर आली की दादरचा, पाणी तुंबण्यासाठी ओळखला जाणारा हिंदमाता चौक आठवतोच. कोळीवाड्यात हे कुणाला शिकवावं लागत नाही. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे मोठी भरती, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती, आणि भरतीची वेळ रोज पाऊण-एक तासानं पुढे. पेपरात ती छापून येते. रेड अलर्टच्या दिवशी राशिभविष्याआधी ती वाचा.

(दृश्य: डोंगरउतारावरची वस्ती, निळी ताडपत्री.)

पाणी फक्त खाली तुंबत नाही, वर डोंगरही सैल करतं. त्याच २६ जुलैला साकीनाक्याला दरड कोसळली, घरं गाडली गेली. जुलै २०२१ मध्ये चेंबूर आणि विक्रोळीत पुन्हा तेच. दरड बऱ्याचदा आधी खूण देते: जमिनीला नवी भेग, विजेचा खांब कललेला, कालपर्यंत नीट लागणारं दार आज चौकटीत अडकतंय, उतारातून अचानक गढूळ पाणी. अशा वेळी कपाट आवरत बसू नका. म्हाताऱ्यांना, पोरांना घेऊन निघा आणि मग महापालिकेचा मदत क्रमांक १९१६ फिरवा. रात्रीची वेळ असेल तर जास्तच घाई करा. २०२३ मध्ये रायगडातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली तीही रात्रीच.

(दृश्य: गुडघाभर पाण्यातून चालणारी माणसं.)

आणि हे, जे आपण सगळेच करतो. चप्पल हातात, पँट वर, चला. पाणी वाहतं असेल तर गुडघ्याच्या खालचंही माणसाला आडवं करतं. दोन फुटांत बहुतेक गाड्या तरंगायला लागतात. झाकण निघालेलं मॅनहोल वरून दिसत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबईतले एक नामवंत डॉक्टर घरी चालत जाताना असेच गेले. त्यानंतर मॅनहोलांत जाळ्या बसवण्याचा जोर वाढला. अगदीच इलाज नसेल तर काठीनं चाचपत चाला, विजेच्या खांबाला हात लावू नका. तळमजल्यावर राहत असाल तर पाणी घरात शिरण्याआधी मेन स्विच बंद करा, शिरल्यावर नाही.

(दृश्य: पाणी ओसरलेलं. चिखल, सुकत घातलेल्या गाद्या.)

पाणी ओसरलं तरी लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचे जंतू त्या चिखलात असतात. पायाला साधी जखम असली तरी पुरते. त्या पाण्यातून चालला असाल तर ताप यायची वाट बघू नका, एक-दोन दिवसांतच दवाखाना गाठा. आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी पहिलं वाक्य हेच सांगा: "मी साचलेल्या पाण्यातून चाललो होतो."