सफोक पंच : चिकणमातीसाठी घडलेला घोडा

आधी या सफोक पंच घोड्याचे पाय बघा. गुडघ्याखाली एकदम साफ, लांब केसांचा झुपका नाही. शायर किंवा क्लाइड्सडेल या ओढकामाच्या दुसऱ्या जातींच्या घोड्यांचे केसाळ पाय दिसायला देखणे, पण ओल्या शेतात नांगर ओढताना त्या केसांना चिखलाचे गोळे चिकटतात. पूर्व इंग्लंडमधल्या सफोक परगण्याची जमीन चिकणमातीची. पाऊस पडला की पाऊल उचलणं मुश्किल. तिथल्या शेतकऱ्यांना दिखाऊ जनावर परवडणारं नव्हतं. त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून हा घोडा घडवला.

आखूड पाय, पिंपासारखं भरदार अंग, जाड कमानदार मान. खांद्यापाशी उंची साधारण साडेपाच फूट, वजन टनाच्या आसपास. रंग मात्र एकच, तांबूस. त्याच्या सात छटा मानतात, फिकट तांबूसपासून काळपट तांबूसपर्यंत.

आजच्या कुठल्याही सफोक पंचच्या बापाकडची वंशावळ मागे नेली, तर ती एकाच घोड्यापाशी पोचते. १७६८ साली जन्मलेला हा घोडा अफर्ड गावच्या थॉमस क्रिस्प यांचा. बाकीच्या वळू घोड्यांचे वंश पुढे खुंटले. १८७७ मध्ये सफोक हॉर्स सोसायटी स्थापन झाली आणि १८८० मध्ये हर्मन बिडेल यांनी या जातीची पहिली वंशनोंद छापली.

घोडा पारखायची जुनी रीत तर बघण्यासारखी. त्याला आडव्या पडलेल्या झाडाच्या खोडाला जुंपायचं. खोड हललं नाही तरी चालेल; जोर लावता लावता घोड्याने गुडघे टेकले, की तो पास. ताकदीइतकीच जिद्द मोलाची, हे त्या शेतकऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

पहिल्या महायुद्धात या घोड्यांनी तोफाही ओढल्या. पुढे शेतात ट्रॅक्टर आला आणि घोड्यांना कामच उरलं नाही. बरेचसे कत्तलखान्यात गेले. १९६६ साली अख्ख्या जातीत फक्त नऊ शिंगरांची नोंद झाली!

जात तगली ती थोड्या हट्टी माणसांमुळे. सफोकमध्येच होझली इथे तुरुंगाच्या शेतीवर एक मोठा कळप होता, आणि कैदी त्याची निगा राखत. आता तो कळप सफोक पंच ट्रस्ट सांभाळतो. संख्या अजूनही इतकी कमी आहे, की ब्रिटनच्या अतिदुर्मीळ जनावरांत या घोड्याची गणना होते. त्यात सगळे एकाच वंशाचे. म्हणून घोडी वळूकडे नेण्याआधी दोन्हीकडच्या पिढ्या तपासून, त्यातल्या त्यात लांबच्या नात्यातला वळू शोधावा लागतो.