सरस्वतीदेवींवर नाटक हवं, आणि ते पेटीपाशी घडायला हवं

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय जरा मोठा छापलाय, ‘स्त्री-संगीतकार आणि रंगभूमी’. मी जुन्या हिंदी बोलपटांतल्या एकाच संगीतकार बाईंबद्दल बोलणार आहे, आणि त्यांच्यावर नाटक कसं लिहावं ते सांगणार आहे. त्यातलं ‘कसं’ महत्त्वाचं. ‘लिहावं’ म्हटलं की सगळे लगेच माना डोलावतात. मग लिहिलं जातं ते एका दुःखी बाईचं नाटक. तिच्यावर अन्याय होतो, ती सोसते, पडदा पडतो आणि दोन अंकांत एकही चाल बांधली जात नाही. मला ती चाल बांधताना दिसायला हवी आहे.

चित्रपट ‘अछूत कन्या’, 1936. ‘मैं बन की चिड़िया’ म्हटल्याबरोबर मागच्या रांगेतून सूर ऐकू आला मला. गा हो, मोठ्यानं गा! ... वा. आता सांगा, गायलं कोणी? बरोबर, अशोककुमार आणि देविकाराणी. चाल कोणाची? ... बघा, सभागृह गप्प झालं. तरी तुम्ही सगळे जाणकार आहात, संगीत नाटकांची पदं तुम्हाला रागासकट पाठ आहेत.

चाल सरस्वतीदेवींची. खरं नाव खुर्शीद मिनोचर-होमजी. जन्म 1912 चा, पारशी घरातला. गाणं शिकल्या ते पंडित भातखंड्यांकडे, ध्रुपद-धमार, म्हणजे जुनी भारदस्त गायकी. पुढे लखनौचं मॅरिस संगीत कॉलेज. मुंबईत नभोवाणी सुरू झाली 1927 मध्ये, आणि त्या सुरुवातीच्या काळात खुर्शीद आणि त्यांची बहीण माणेक यांचे कार्यक्रम व्हायचे. ‘होमजी भगिनी’ म्हणून लोक त्यांना ओळखत. हिमांशु रायांनी मालाडला बॉम्बे टॉकीज ही चित्रपटसंस्था उभारली 1934 मध्ये, आणि संगीताची जबाबदारी विशीतल्या या मुलीवर टाकली. पहिला चित्रपट ‘जवानी की हवा’, 1935. त्यात माणेकनं काम केलं. घरंदाज पारशी मुली सिनेमात गेल्या म्हणून समाजात मोठा गदारोळ उठला. नावं बदलावी लागली. खुर्शीदची सरस्वतीदेवी झाली, माणेकची चंद्रप्रभा.

पहिली स्त्री-संगीतकार कोण, या भांडणात मला शिरायचं नाही. गायिका-अभिनेत्री जद्दनबाईंनी त्याच सुमाराला ‘तलाश-ए-हक़’ या चित्रपटाचं संगीत केलं होतं. दोघींचाही मान मोठा आहे. पण पहिलेपणाचा बिल्ला लावला की आपण बाईंचं काम ऐकायचं थांबवतो, असा माझा अनुभव आहे. जयंतीला नाव घेतलं की झालं.

इथे मला एक गोष्ट सांगायचीच आहे, आणि ती जरा लांबणार आहे, आधीच माफी मागतो. जुन्या गाण्यांच्या एका कार्यक्रमाला गेलो होतो. गाव सांगत नाही, संस्थाही नाही. ‘कोई हमदम न रहा’ गायलं एका तरुण मुलानं, आणि फार चांगलं गायलं. निवेदक म्हणाले, किशोरकुमारांचं गाणं, किशोरकुमारांचं संगीत, ‘झुमरू’, 1961. टाळ्या. मध्यंतरात मी त्यांना जाऊन भेटलो. म्हटलं, हे गाणं त्याच्या पंचवीस वर्षं आधीचं आहे. ‘जीवन नैया’, 1936. अशोककुमार त्यात पहिल्यांदा नायक झाले आणि हे त्यांनी स्वतः गायलं. संगीत सरस्वतीदेवींचं. धाकट्या भावानं थोरल्याचं गाणं प्रेमानं पुन्हा गायलं, त्यात काही गैर नाही. तुम्ही उत्तरार्धात फक्त एक वाक्य बोला. ते म्हणाले, ‘अहो, लोकांना किशोरदा माहीत आहेत, ह्या बाई कोणाला माहीत आहेत?’

मला राग आला होता, आणि तो अजून गेलेला नाही. माहीत नाहीत म्हणून सांगायचं नाही, आणि सांगत नाही म्हणून माहीत होत नाहीत! 1961 मध्ये सरस्वतीदेवी हयात होत्या. 1980 पर्यंत होत्या. रेडिओवर ते गाणं लागायचं तेव्हा त्या कुठेतरी ते ऐकत असतील, आणि नाव दुसऱ्याचं असेल. तो निवेदक मनानं वाईट नव्हता. त्याच्या हातातल्या कागदावर नावच नव्हतं. असे कागद गावोगाव आहेत, आणि ते मी एकटा दुरुस्त करू शकत नाही. नाटक करू शकतं. आपल्याकडे नाटकात ऐकलेलं नाव लोक घरी घेऊन जातात.

आणखी एक सांगतो, मग मुद्द्यावर येतो. ‘जवानी की हवा’च्या वेळी चंद्रप्रभाचा घसा बसला. चित्रण थांबवणं शक्य नव्हतं. तेव्हा ती कॅमेऱ्यासमोर ओठ हलवत राहिली आणि चौकटीबाहेर उभं राहून सरस्वतीदेवींनी गाणं म्हटलं. चेहरा एका बहिणीचा, गळा दुसरीचा. मागून कोणी विचारतंय, थोरली कोण? ते आज राहू द्या, गळा कोणाचा ते बघा. नाटककार मंडळी इथे बसली आहेत. त्यांना यात प्रवेश दिसत नसेल तर मी काय बोलणार!

चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. म्हणजे ज्यासाठी बोलावलंत ते आता भराभर सांगतो.

माझं म्हणणं असं की या बाईचं नाट्य पारशी समाजानं केलेल्या विरोधात शोधू नका. तो एका प्रवेशात आटपा. खरा पेच कामात आहे. ध्रुपद शिकलेली बाई आहे. तिच्यापुढे नायक कोण? कालपरवापर्यंत त्याच स्टुडिओच्या प्रयोगशाळेत काम करणारा, गवई नसलेला अशोककुमार. नायिका लंडनला शिकून आलेली देविकाराणी, तीही गायिका नव्हे. दिग्दर्शक जर्मन, फ्रान्झ ऑस्टेन. आणि गोष्ट इथल्या खेड्यातली. पार्श्वगायन अजून रुळलेलं नाही, गाणं चित्रणाच्या वेळीच ध्वनिमुद्रित व्हायचं. वादक चौकटीबाहेर, आवाज नंतर सुधारायची सोय नाही, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. शिंप्यानं अंगाचं माप घ्यावं तसं तिनं गळ्याचं माप घेतलं. छोटे तुकडे, लगेच परत येणारा मुखडा, सुरांची झेप मोजकी. ‘मैं बन की चिड़िया’ आज पुन्हा ऐका, ही सगळी कारागिरी त्यात आहे. आणि ती इतकी नेमकी बसली की लोकांना वाटलं, गाणं गाणाऱ्यांचंच. म्हणून बाई विसरल्या गेल्या, असं माझं ठाम मत आहे.

तेव्हा नाटकात एक लांब प्रवेश हवा, वीस मिनिटांचा. हा माझ्या कल्पनेतला आहे. ती पेटीवर चाल बांधते, भारदस्त, मींडेची, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी. नायकाला जमत नाही. ती एक सूर गाळते. पुन्हा. ओळ तोडते. पट्टी खाली आणते. प्रेक्षकांनी चार वेळा तेच गाणं बदलत जाताना ऐकायचं, आणि चौथ्या वेळी ते त्यांच्या ओळखीचं झालेलं असेल. संवाद जवळजवळ नकोतच. यासाठी नटी स्वतः वाजवणारी हवी, ध्वनिमुद्रित संगीत अजिबात नको. नायकाच्या कामाला कृपा करून गाणारा नट घेऊ नका, नाहीतर तो रंगमंचावर गळा दाखवायला जाईल आणि प्रवेश मरेल. आपल्या संगीत नाटकात ऑर्गन रंगमंचापुढे खाली असायचा. तो वर घ्या, मध्यभागी.

भाषेचं विचारलंय कोणी तरी. मराठी नाटकच, पण घरात पारशी गुजराती, गाण्यात हिंदी, दिग्दर्शकाची मोडकी इंग्रजी. मुंबई तशीच बोलायची. ‘झुमरू’चा प्रवेश शेवटी ठेवू नका, मध्येच येऊ द्या, आणि त्यानंतर तिला रडवू नका. दुसरं गाणं बांधायला बसवा. ‘बंधन’, ‘झूला’, सोहराब मोदींचा ‘पृथ्वीवल्लभ’, काम भरपूर आहे, निवडायला वेळ लागेल.

गाण्यांचे हक्क कोणाकडे आहेत ते शोधायला एक वकील लागणार आहे, फुकट काम करणारा असेल तर उत्तम. चालू स्थितीतला ऑर्गन किंवा पायपेटी कोणाच्या घरी पडून असेल, तर चहाच्या वेळी मला भेटा. आणि पेटी वाजवू शकणाऱ्या, विशीतल्या दोन मुली हव्या आहेत. अभिनयाची तालीम मी घेईन.