पेन्सिलीनं उगवलेलं रान

[दृश्य : दुधी सेलवर रंगीत पेन्सिल फिरते आहे. फक्त तिचा आवाज.]

सेल म्हणजे अ‍ॅनिमेशनची चित्रं काढायचं पारदर्शक प्लॅस्टिकचं पान. गुळगुळीत सेलवर पेन्सिल घसरते. म्हणून ही सेल एका बाजूनं खरखरीत, दुधी केलेली. ती रंग धरून ठेवते आणि खालचा उजेडही वर येऊ देते. अ‍ॅनिमेशनपट करणारे फ्रेडरिक बॅक यांनी कॅनडात, रेडिओ-कॅनडा या प्रसारण संस्थेसाठी, अशाच सेलवर एक अख्खं रान उभं केलं.

[दृश्य : सेलची चळत. बोटं एकेक उलटतात, टेकडी हलते.]

पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. एकच चित्र दोन चौकटी टिकवलं तरी १२ चित्रं हवीत. बॅक यांचा ‘द मॅन हू प्लांटेड ट्रीज’ हा चित्रपट अर्ध्या तासाचा आहे. सुमारे २०,००० चित्रं, पाच वर्षं. आधीच्या चित्रपटाच्या वेळी रंग पक्का करण्याचं द्रावण उडून बॅक यांचा एक डोळा गेला होता. हे सगळं काम एका डोळ्यानं झालं.

मूळ कथा झाँ जिओनो यांची, १९५३ची. फ्रान्समधल्या प्रोव्हान्सचं उजाड पठार, १९१३ साल. एक मेंढपाळ रात्री दिव्याखाली ओकच्या बिया निवडतो, चांगल्या शंभर मोजून घेतो आणि दुसऱ्या दिवशी लोखंडी कांबीनं जमिनीत भोक पाडून एकेक पुरतो. तीन वर्षांत एक लाख बिया. रुजल्या २०,०००. चित्रंही जवळपास तेवढीच. योगायोग खरा, पण ही चळत पाहताना तो आठवतोच.

[दृश्य : तपकिरी पेन्सिल, मग राखी. हिरवी अजून डबीतच.]

पर्यावरणावरचे कितीतरी लघुपट धूर आणि मेलेला मासा दाखवून मोकळे होतात. बॅक घाई करत नाहीत. सुरुवातीला नुसता वारा आहे, तोही तपकिरी-राखी रेघांचा. एक चित्र विरता विरता त्यातूनच दुसरं वर येतं; डोंगरातून माणूस, माणसातून झाड. हिरवा रंग नेमका कधी आला, ते बोट ठेवून सांगता येत नाही. रानही असंच वाढतं. तिथं तीस वर्षं कॅमेरा लावून कोण बसणार? पेन्सिल बसू शकते.

१९८७मध्ये चित्रपट आला, पुढच्या वर्षी ऑस्कर मिळालं, आणि तो पाहून लोकांनी झाडं लावली.

[दृश्य : हिरवी पेन्सिल डबीतून बाहेर येते. कोरी सेल. निवेदन थांबतं, पेन्सिलीचा आवाज चालू राहतो.]