पान पूर्ण दाखवा

(कॅमेऱ्यासमोर. हातात मोबाइल.)

नमस्कार मंडळी. परवा एकाच दिवसात माझ्या मोबाइलवर एकच पान दोनदा आलं. बेळगावच्या गॅझेटियरचं, म्हणजे इंग्रज सरकारनं छापलेल्या जिल्ह्याच्या माहितीग्रंथाचं, १८८४ सालचं. एका गटातून वरच्या अर्ध्याचं कात्रण, दुसऱ्या गटातून खालच्या अर्ध्याचं. दोन्हींवर लाल गोल, दोन्हींखाली मजकूर तोच: ‘आता बोला!’ पाठवणारे दोघंही माझ्या ओळखीचे. एक मराठी, एक कन्नड, आणि सकाळचा चहा दोघांचा एकाच टपरीवर.

मी पान सबंध वाचलं. दोघांनाही नको असलेली वाक्यं नेमकी कात्रीच्या पलीकडं राहिली होती.

आपल्या भागात इतिहास पुस्तकात कमी आणि मोर्चात, कोर्टात, दुकानाच्या पाटीवर जास्त भेटतो. म्हणून बेळगाव महाराष्ट्राचं की कर्नाटकाचं या वादात आज कुणाची बाजू खरी यावर बोलणार नाही. आपण काय बघितलं, कुठं बघितलं, हे समोरच्याला कसं दाखवायचं, तेवढंच.

(स्क्रीनवर: गॅझेटियरचं मुखपृष्ठ)

हा मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा २१ वा खंड, संपादक जेम्स कॅम्पबेल. इंटरनेट आर्काइव्हवर सबंध स्कॅन आहे, वाचायला पैसे लागत नाहीत. मग कात्रण कशाला? दुवा द्या, पान क्रमांक द्या. आणि तो छापील पानाचा द्या. मुखपृष्ठ, नकाशा, अनुक्रमणिका धरून स्कॅनचा आकडा पुढं पळालेला असतो. मग बघणारा भलत्याच पानावर जातो आणि ‘असलं काही नाहीच’ म्हणून तुम्हालाच खोटं पाडतो.

आता शोधखिडकी. तिथं इंग्रजीत खानापूर टाइप केलं आणि काही आलं नाही, तर लगेच ‘उल्लेख नाही’ म्हणू नका. त्या गॅझेटियरात ‘आ’ दाखवायला इंग्रजी ‘a’ या अक्षरावर तिरकी रेघ मारलेली आहे. स्कॅन वाचणारं यंत्र त्या रेघेपाशी अडखळतं, कधी शब्द मोडतं, कधी दुसरंच अक्षर धरतं. मराठीत तर बेळगाव, बेळगांव, बेलगाम, सगळे अवतार शोधायला लागतात. कन्नडमध्ये बेळगावि वेगळं. आपल्या पोरांना देवनागरी आणि कन्नड अशा दोन्ही लिप्या शाळेतच येतात, पुण्यातल्या पोरांना ही सोय नाही. तिचा आपण किती उपयोग करतो, ते सोडा.

माझ्या वहीत म्हणून मी ‘नाही’ असं लिहीत नाही. ‘हा शब्द, या स्कॅनमध्ये, या तारखेला शोधला, आला नाही’ असं लिहितो. हे माझं शहाणपण नव्हे, तोंडावर पडल्यावर आलेली अक्कल आहे. सांगतो.

मागच्या वर्षी एका व्हिडिओत मी मोडीतलं एक घरगुती पत्र वाचून दाखवलं होतं. तारीख होती ‘छ १४ रबिलाखर, सन सलास खमसैन’. छ म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्याची तारीख; रबिलाखर हा त्यातला महिना; पुढचे शब्द अरबी आकडे. सलास म्हणजे ३, खमसैन म्हणजे ५०. झाले ५३. मोडी पत्रात शतक पुष्कळदा लिहीतच नाहीत, मग ते आतल्या नावांवरून ओळखायचं. नावं पेशवाईतली होती, म्हणजे शुहूर सन, त्या काळच्या मराठी कागदांत चालणारी कालगणना, ११५३. त्यात ५९९ मिळवले, आले १७५२, आणि छातीठोकपणे सांगून टाकलं.

चार दिवसांनी खानापूर तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींचा फोन. म्हणाले, ‘शुहूर सन मृगाला सुरू होतं, म्हणजे जूनच्या तोंडाला. डिसेंबरपर्यंत ५९९, पण पुढचं इंग्रजी वर्ष लागलं की ६००. त्या साली रबिलाखर फेब्रुवारीत येतो. तुमचं पत्र १७५३ चं.’ मी गणित परत केलं. गुरुजी बरोबर.

आता यातली गंमत बघा. मी नुसतं ‘१७५२ चं पत्र’ म्हटलं असतं, तर गुरुजींनी चूक काढली कशी असती? मूळ शब्द पडद्यावर होते, मी काय मिळवलं ते बोललो होतो, म्हणून त्यांना धरता आलं. व्हिडिओ मी काढून टाकला नाही. खाली दुरुस्ती लिहिली, जुना आकडा तसाच ठेवला, त्यावर नुसती काट मारली. ती काट वर्गात रोज उपयोगी पडते.

(स्क्रीनवर: झोटेरोची यादी)

साधनांचं म्हणाल तर फार नाहीत. संदर्भ ठेवायला झोटेरो, २००६ पासून आहे, फुकट आहे. कागदपत्रांचे फोटो लावायला ट्रॉपी. स्कॅनमधला मजकूर काढायला टेसरॅक्ट, मराठी आणि कन्नड दोन्ही वाचतं, बऱ्याच चुकांसकट. तिन्हींचा कोड खुला आहे. फुकट आणि खुलं यांत फरक आहे बरं का. फुकटचं ॲप उद्या बंद पडलं तर तुमची यादीही त्याच्याबरोबर गेली. चॅटबॉटला विचारलं तर तो न छापलेल्या ग्रंथाचंही पान ऐटीत सांगतो. म्हणून त्यानं सांगितलेलं पान उघडून बघितल्याशिवाय मी वहीत घेत नाही.

पण साधनं आली तरी आपली खरी अडचण कागद कुठं आहेत ही आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तालुका तेवढा कोल्हापूरकडं राहिला. त्यामुळं त्याआधीच्या सरकारी कागदांसाठी मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या सरकारी अभिलेखागारात जा, पेशवाईसाठी पुण्याला, नंतरच्यासाठी बेंगळुरूला. शहापूर तर स्वातंत्र्यापर्यंत सांगली संस्थानात, रेल्वेचं फाटक ओलांडलं की दप्तर बदललं. आणि १२०४ सालचे, रट्ट जिनालयाला, म्हणजे जैन मंदिराला, दिलेल्या दानाचे बेळगावचे दोन शिलालेख? त्यांत गावाचं नाव वेणुग्राम आहे. एल. डी. बार्नेट यांनी ते ‘एपिग्राफिया इंडिका’ या शिलालेख छापणाऱ्या नियतकालिकाच्या १३ व्या खंडात छापले. दगड मात्र लंडनला, ब्रिटिश म्युझियममध्ये. किल्ल्यात राहणाऱ्याला आपल्या गावाचा लेख वाचायचा तर स्कॅनशिवाय गत्यंतर नाही. चौकातला माणूस ‘शिलालेखात लिहिलंय’ म्हणतो तेव्हा मी विचारतो, कुठल्या? बहुतेक वेळा तिथंच चहा येतो आणि विषय बदलतो.

वर्गात मी एक सोपा खेळ घेतो. मराठी विकिपीडियावर बेळगावचा लेख उघडायचा आणि तो वाचायचाच नाही. वर ‘इतिहास पहा’ असतं, तिथं जायचं. कुणी कधी कुठला शब्द बदलला, कुणी परत फिरवला, सगळं तारखेसकट दिसतं. मग ‘चर्चा’ पान. पहिल्यांदा पोरं हसतात, मोठी माणसं एका शब्दावरून इतकी भांडतात म्हणून. दहा मिनिटांनी कुणीतरी विचारतंच, ‘सर, आपल्या पाठ्यपुस्तकाचं असलं पान कुठं गावतंय?’

माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजून नाही.

(कॅमेऱ्याकडं वाकून)

येत्या रविवारी आम्ही हलशीला चाललोय. कदंब राजांच्या लेखांतली पलाशिका ती हीच. तिथले ताम्रपट शिलालेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी १८७७ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात छापले, ते प्रत्येकानं आधी आर्काइव्हवर उघडून यायचं. भूवराह नरसिंह मंदिराच्या फोटोत आधी सबंध भिंत, मग शिल्प, मग जवळून, शेजारी मोजपट्टी. फोटो विकिमीडिया कॉमन्सवर टाकणार आहोत, तेव्हा त्यात एकमेकांचे चेहरे नकोत. मोबाइलची तारीख-वेळ बरोबर आहे का बघा, मागच्या खेपेला एकाचे सगळे फोटो १९७० सालचे निघाले. खानापूर स्टँडवर साडेसातला. पाण्याची बाटली घरून आणा.