अर्ध्या सेकंदाचा माग

[दृश्य: काळा पडदा. पांढऱ्या अक्षरांत दोन आकडे उमटतात: ०.२९९ आणि ०.८०७]

निवेदन:

हे सेकंद आहेत. एका मशीनवर लॉगिनचा प्रयत्न करायला आधी जेवढा वेळ लागायचा तो पहिला आकडा. मार्च २०२४मध्ये जेवढा लागू लागला तो दुसरा. फरक अर्ध्या सेकंदाचा.

आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, डेटाबेसच्या आघाडीच्या विकासकांपैकी एक. ते पोस्टग्रेसमधल्या काही बदलांचा वेग मोजत होते. मोजमाप नेमकं यायचं तर मशीनवर बाकी काही चालू नको. आणि लॉगिन सांभाळणाऱ्या प्रोसेस मात्र कारण नसताना सीपीयू खात होत्या. मशीन रीस्टार्ट करून पुढे जाता आलं असतं. ते माग काढत गेले आणि एक्सझेड नावाच्या, फायली लहान करणाऱ्या एका लायब्ररीपाशी, म्हणजे इतर प्रोग्राम उसना घेतात अशा तयार कोडापाशी, पोचले. तिच्या ताज्या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा बसवलेला होता. बसवणाऱ्यानं टोपणनावानं दोनेक वर्षं त्या प्रकल्पात काम करून सगळ्यांचा विश्वास कमावला होता. २९ मार्चला फ्रॉइंड यांनी हे जगाला सांगितलं. तोवर तो दरवाजा मुख्यतः लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या चाचणीतल्या आवृत्त्यांपर्यंतच पोचला होता, म्हणून जगभरचे सर्व्हर वाचले.

असा माग काढणारी माणसं आपल्या नाशिकमध्येही आहेत. त्यांचं काम कुणी बघत नाही, म्हणून आपण आज ते बघणार आहोत.

[दृश्य: गंगापूर रोडवरचं एक ऑफिस. दोन स्क्रीन, टेबलावर वही. खिडकीतून रस्त्याचा आवाज.]

निवेदन:

ही डीबीए आहे, म्हणजे डेटाबेसची देखभाल करणारी. तिच्याकडे काही कारखान्यांचे डेटाबेस आहेत, एका दवाखान्याचा आहे आणि एक लासलगावच्या कांदा व्यापाऱ्यांचा. हा शेवटचा पोस्टग्रेसवर चालतो.

हंगामात तिथे सकाळी वाहनांच्या रांगा लागतात. लिलाव पुकारला जातो, भाव ठरतो, वाहन भुईकाट्यावर जातं, माल खळ्यावर उतरतो आणि मग हिशोबपट्टी निघते. निफाड, येवला, चांदवडहून अंधारात निघालेला शेतकरी त्या पट्टीसाठी उभा असतो. पट्टी हातात आल्याशिवाय तो घरी जात नाही.

[दृश्य: फोन वाजतो. स्पीकरवरचा आवाज.]

व्यापारी: ताई, पट्टी निघेना. गर्दी वाढत चालली इथं.

डीबीए: काका, एका पट्टीला किती वेळ लागतोय?

व्यापारी: चहा पिऊन होतो तोवर.

डीबीए: पाच मिनिटं द्या. तोवर कुणी मशीन बंद करू नका.

निवेदन:

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. मशीन बंद करून चालू केलं की पट्ट्या निघू लागतात आणि सगळ्यांना हायसं वाटतं. पण नेमकं काय अडलं होतं ते त्यासोबत नाहीसं होतं, आणि चार दिवसांनी पुन्हा फोन येतो.

ती पहिल्यांदा बघते की या क्षणी डेटाबेसशी कोण कोण जोडलेलं आहे. यादीत एक जोडणी सकाळपासून उघडी आहे. कुणीतरी मोठा अहवाल काढला, स्क्रीन तशीच ठेवली आणि उठून गेलं. ट्रान्झॅक्शन, म्हणजे डेटाबेसशी सुरू केलेला एक व्यवहार, चालू, काम शून्य. पट्टी निघत नाही त्याचं मूळ इथे आहे, पण वरवर बघता दोन्हींचा संबंध लागत नाही. तो कसा लागतो हे जरा सावकाश बघू.

[दृश्य: ॲनिमेशन. एका टेबलातली, म्हणजे डेटाबेसमधल्या तक्त्यातली, एक ओळ, तिच्याखाली तिचीच नवी नक्कल.]

निवेदन:

पोस्टग्रेसमध्ये एखादी नोंद बदलली की जुनी पुसली जात नाही. जुन्या पेढीवरचे दिवाणजी कीर्दीत खाडाखोड न करता खाली नवी ओळ लिहीत, तसा तो नवी ओळ लिहितो आणि जुनी जागच्या जागी ठेवतो. त्यामुळे अहवाल वाचणाऱ्याला लिहिणाऱ्यासाठी थांबावं लागत नाही, आणि लिहिणाऱ्याला वाचणाऱ्यासाठी. या एका गुणामुळे गर्दीतही काम चालू राहतं. मला स्वतःला डेटाबेसच्या दुनियेतली ही सगळ्यात सुंदर कल्पना वाटते.

पण जुन्या ओळी साठत जातात. कांद्याचं एक वाहन घ्या. आवक नोंदली, भाव लागला, वजन झालं, पट्टी निघाली, रक्कम चुकती झाली. वाहन एक आणि ओळी पाच, त्यातल्या चार मेलेल्या. त्या साफ करायला पोस्टग्रेसमध्ये व्हॅक्यूम आहे, आणि तो आपोआप चालतो. आता ती उघडी जोडणी आठवा. सकाळी सुरू झालेल्या ट्रान्झॅक्शनला सकाळचं चित्र जसंच्या तसं दिसण्याचा हक्क आहे. म्हणून सकाळनंतर मेलेल्या ओळींना व्हॅक्यूम हात लावत नाही. तो येतो, बघतो, ‘मेलेल्या आहेत पण अजून काढता येत नाहीत’ अशी नोंद करून परत जातो. इकडे प्रत्येक पट्टीसाठी डेटाबेस त्याच ढिगातून वाट काढत राहतो.

तिनं ती जोडणी तोडली. ढीग साफ झाला, पट्ट्या निघू लागल्या. काकांचा फोन आला, ‘झालं ताई!’ बहुतेक ठिकाणी गोष्ट इथे संपते. इथे ती संपली नाही, म्हणून तर आम्ही कॅमेरा चालू ठेवला.

[दृश्य: दुपार. ऑफिसमध्ये फक्त पंख्याचा आवाज. ती वहीत गणित मांडते.]

निवेदन:

ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून रिकामी बसलेली जोडणी ठरावीक वेळानं आपोआप तुटावी अशी सोय पोस्टग्रेसमध्ये ९.६ आवृत्तीपासून आहे. ती चालू केली. मग व्हॅक्यूमचा हिशोब. मूळ सेटिंगनुसार टेबलातल्या सुमारे २० टक्के ओळी मेल्या की व्हॅक्यूम सुरू होतो. हजार ओळींच्या टेबलाला हे ठीक. पण एक कोटी ओळींच्या टेबलात व्हॅक्यूम येईपर्यंत २० लाख मेलेल्या ओळी साठतील! तिनं या एका टेबलापुरतं ते प्रमाण १ टक्क्यावर आणलं. एक लाखाला सफाई. बाकीच्या टेबलांना हात लावला नाही.

कुणीतरी तिला व्हॅक्यूम फुल, म्हणजे सगळं टेबल नव्यानं लिहून काढणारी मोठी सफाई, चालवायला सांगितलं होतं. तिनं ठाम नकार दिला. त्यानं डिस्कवरची जागा मोकळी होते हे खरं, पण काम चालू असेपर्यंत ते टेबल पूर्ण कुलूपबंद राहतं, वाचायलाही मिळत नाही. भर बाजारात हे चालवणं म्हणजे आपण होऊन लिलाव थांबवणं.

यानंतर तिला जे सापडलं ते खरं घबाड. टेबलात ‘स्थिती’ नावाच्या रकान्यावर एक इंडेक्स होता, म्हणजे ओळी पटकन शोधायची सूची. किती वेळा वापरला गेला ते तिनं आकडेवारीत पाहिलं, तर एकदाही नाही. पण स्थिती प्रत्येक टप्प्याला बदलते, आणि इंडेक्स असलेला रकाना बदलला की नव्या ओळीसाठी टेबलावरच्या सगळ्या इंडेक्समध्ये नव्या नोंदी कराव्या लागतात. तिनं तो इंडेक्स काढून टाकला आणि टेबलाच्या नव्या पानांवर, म्हणजे डिस्कवर ओळी ज्यांत साठतात त्या ठोकळ्यांत, थोडी जागा मोकळी राहील असं सेटिंग केलं. आता नवी ओळ त्याच पानावर बसते, इंडेक्सना स्पर्शही होत नाही, आणि जुनी जागा जाता जाता मोकळी होते.

ही युक्ती तिची नव्हे. २००८ साली आलेल्या ८.३ आवृत्तीत ती पोस्टग्रेसमध्ये दाखल झाली. त्या आवृत्तीच्या अधिकृत नोंदीत श्रेय दिलंय पवन देओलसी या भारतीय अभियंत्याला, आणि सोबत म्हटलंय की कल्पना अनेकांच्या आहेत. लासलगावच्या पट्टीत त्यांचं काम रोज वापरलं जातं.

[दृश्य: जुनी छायाचित्रं. बर्कलीचं विद्यापीठ.]

निवेदन:

पोस्टग्रेसची सुरुवात १९८६ची, कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात, मायकेल स्टोनब्रेकर यांच्या हाताखाली. अँड्र्यू यू आणि जॉली चेन या विद्यार्थ्यांनी १९९४ साली त्याला एसक्यूएल ही डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा दिली. १९९६पासून स्वयंसेवकांनी तो वाढवला. त्याचा मालक म्हणून कुठलीही एक कंपनी नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेसही ओपन सोर्सच, पण तो एका कंपनीचा होता. २००८मध्ये सन या संगणक कंपनीनं ती कंपनी एक अब्ज डॉलरला घेतली, २०१०मध्ये सनसकट तो ओरॅकल या बड्या डेटाबेस कंपनीकडे गेला. त्याचे जनक माँटी विडेनियस यांना मारियाडीबी नावानं वेगळी चूल मांडावी लागली.

[दृश्य: हार्ड डिस्कचा दिवा लुकलुकतो.]

निवेदन:

बॅकअपविषयी बोलल्याशिवाय डीबीएची गोष्ट पुरी होत नाही. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब या, प्रोग्रामरांचा कोड साठवणाऱ्या कंपनीत रात्री उशिरा काम करणाऱ्या एका अभियंत्यानं चुकीच्या सर्व्हरवर फोल्डर पुसण्याची आज्ञा दिली. सुमारे ३०० जीबीचा पोस्टग्रेस डेटा गेला. बॅकअप शोधले, तर रोजचा बॅकअप निघतच नव्हता. सर्व्हर ९.६ आवृत्तीचा, बॅकअपचं साधन ९.२चं, म्हणून ते रोज अपयशी ठरत होतं. अपयश कळवणारे ईमेलही वाटेतच नाकारले जात होते. शेवटी एका अभियंत्यानं योगायोगानं सहा तासांपूर्वी काढून ठेवलेली नक्कल कामी आली. कंपनीनं हे लपवलं नाही. डेटा परत आणण्याचं काम जगासमोर थेट प्रक्षेपित केलं आणि सगळी कारणं सविस्तर लिहून प्रसिद्ध केली. त्या लेखानं आजवर किती डेटाबेस वाचवले असतील!

आपल्या डीबीएचा नेम म्हणूनच असा, की बॅकअप निघाला एवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही. दुसऱ्या मशीनवर तो रिस्टोअर करायचा, ओळी मोजायच्या, कालची एखादी पट्टी उघडून बघायची. पोस्टग्रेसच्या १७व्या आवृत्तीपासून फक्त बदललेल्या भागाचा बॅकअप घेता येतो, त्यामुळे हे काम पुष्कळ हलकं झालंय.

[दृश्य: संध्याकाळ. कॉलेज रोडवर विद्यार्थ्यांचे घोळके.]

निवेदन:

२५ सप्टेंबर २०२५ला १८वी आवृत्ती आली. डिस्कवरून वाचताना एक मागणी पुरी होईपर्यंत थांबायचं नाही, पुढच्या मागण्या आधीच पाठवायच्या, हा तिच्यातला मोठा बदल. काही प्रसंगी वाचन तिपटीपर्यंत वेगवान झाल्याचं प्रकल्पाच्या चाचण्यांत दिसलं. अनेक वर्षं चाललेल्या या कामात पुढे होते तेच आंद्रेस फ्रॉइंड.

नाशिकची किती मुलं संगणक शिकून पुण्याला, बंगळुरूला जातात. जावं जरूर. पण या कामाला गाव लागत नाही. पोस्टग्रेसचा सगळा कोड उघडा आहे, प्रत्येक बदलावरची चर्चा उघडी आहे. वर्षातून काही ठरावीक महिन्यांत जमा झालेले पॅच, म्हणजे कोडमधले सुचवलेले बदल, तपासले जातात, आणि तिथे लिहिणाऱ्यांपेक्षा तपासणाऱ्यांची टंचाई जास्त. पॅच आपल्या मशीनवर लावा, चालवा, काय तुटलं ते नीट लिहून कळवा. सी भाषा पक्की नसली तरी एवढं करता येतं. प्रत्येक क्वेरीच्या, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाच्या, आधी एक्सप्लेन ॲनालाइज ही आज्ञा लिहून डेटाबेसचा अंदाज किती ओळींचा होता आणि प्रत्यक्षात किती निघाल्या, हे वाचायची सवय लावली तर पहिल्याच महिन्यात नजर बदलते. महाविद्यालयांनी डेटाबेसच्या तासाला हे रोज करून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

२०२७चा सिंहस्थ समोर आहे. मुक्काम, वाहनतळ, हरवलेल्या माणसांचा शोध, अशा कामांसाठी शहराला डेटाबेस सांभाळणारे हात लागतील.

[दृश्य: पुन्हा डीबीएची स्क्रीन.]

निवेदन:

तिच्यापुढे सध्या दुसरं काम आहे. व्यापाऱ्यांचा डेटाबेस अजून १४व्या आवृत्तीवर आहे. प्रत्येक आवृत्तीला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात, १४व्याची मुदत नोव्हेंबर २०२६ला संपते. १८वर जाताना क्वेरीचे रस्ते ठरवणारी आकडेवारी बरीचशी सोबत नेता येते, पूर्वी अपग्रेडनंतर ती नव्यानं गोळा करेपर्यंत सगळं मंद चालायचं. तरीही तिनं आधी नकलेवर अपग्रेड करून पाहिलं, पट्टीच्या सगळ्या क्वेरी चालवून आधीच्या वेळा आणि आताच्या वेळा शेजारी शेजारी लिहिल्या. एक क्वेरी अर्ध्या पानाच्या अहवालाची, ती किंचित मंदावलीय. व्यापाऱ्यांनी रविवारची तारीख मागितली होती. ती क्वेरी का मंदावली हे समजेपर्यंत तारीख देणार नाही, असं तिनं त्यांना कळवलंय.