सांबाराची जुडी, साडेचारशे रुपये

(पडदा काळा. माइकची खरखर, मागे लहान मुलांचा कालवा.)

"एकशे वीस! एकशे वीस एक बार... मागच्या खुर्च्यांवर झोपले काय सारे? एकशे पन्नास! कोण बोललं? हात वर करा बाप्पा, मले दिसून नाही राहिलं."

(चित्र उघडतं. उंच धरलेला हात, हातात कोथिंबीर.)

हा लिलाव सांबाराच्या जुडीचा आहे. नागपूरबाहेरच्यांसाठी सांगून टाकतो, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीसोबत येतं ते वेगळं. अशी जुडी बाजारात दहा रुपयांना मिळते, आणि भाजीवाल्याशी ओळख असली तर वांग्यांवर फुकट.

नोव्हेंबरातला रविवार आहे. चर्चच्या मंडळीत आज हंगामाचा सण, म्हणजे बोलताना सगळे म्हणतात ते 'हार्वेस्ट'. सकाळी वेदीच्या पायऱ्यांवर उसाची मोळी उभी होती. शेजारी कोहळं, गावरान अंडी, तुरीची डाळ, लिंबाच्या लोणच्याची बरणी आणि पाय बांधलेला एक कोंबडा. हा कोंबडा प्रवचनात दोनदा बोलला आणि पाळकसाहेबांनी दोन्ही वेळा त्याला बोलू दिलं. उपासना संपल्यावर हे सगळं अंगणातल्या मांडवात आलं. ज्याच्या घरी जे पिकलं, शिजलं किंवा जमलं, ते त्याने देवापुढे ठेवायचं, आणि मग मंडळीनेच ते विकत घ्यायचं.

लिलाव पुकारणारे काका रेल्वेतून रिटायर झालेले. प्लॅटफॉर्मवर कमावलेला आवाज आहे, माइक नसता तरी चाललं असतं.

जुडी दोनशे ऐंशीला गेली. घेणाऱ्याने पैसे मोजले आणि जुडी परत टेबलावर ठेवली. "पुन्हा बोली लावा." असं इथे चालतं. एकच वस्तू तीन-तीनदा विकली जाते आणि कोणालाच फसवल्यासारखं वाटत नाही. खजिनदार मात्र वैतागतो, कारण त्याच्या वहीत प्रत्येक वेळी नवी ओळ घालावी लागते.

(दृश्य बदल. काटोल रोडच्या पलीकडचं माळरान. गवतात दगडांची वर्तुळं.)

हे जुनापाणी. शहरातून काटोलच्या दिशेने निघालं की अर्ध्या तासाच्या आत लागतं. इथे तीनशेच्या आसपास शिळावर्तुळं आहेत, म्हणजे लोहयुगातल्या माणसांची दफनं. विदर्भात अशा जागा पुष्कळ आहेत, टाकळघाट, माहुरझरी, नायकुंड. अशा वर्तुळांखालून मातीची भांडी निघाली, लोखंडी कुऱ्हाडी आणि छिन्न्या निघाल्या, घोड्याचं सामानही निघालं. त्या काळी लोखंड ही चैनीची वस्तू असणार. घरातलं सगळ्यात मोलाचं त्यांनी मेलेल्या माणसासोबत दिलं. अडीच-तीन हजार वर्षं जमिनीत राहून त्या लोखंडावर गंजाची पुटं चढली.

मत्तयच्या शुभवर्तमानात येशू सांगतो, पृथ्वीवर संपत्ती साठवू नका, तिथे कसर आणि जंग लागते, चोर घर फोडतात. जंग म्हणजे काय ते इथे उभं राहून समजतं. पण या लोकांना मी नावं ठेवणार नाही. तेही आपल्या परीने परलोकाचीच तरतूद करत होते.

अशीच वर्तुळं बघून परतताना एक माणूस इकडे बुडाला. स्टीफन हिस्लॉप, जन्म १८१७ चा. १८४५ मध्ये स्कॉटलंडहून नागपुरात आले तेव्हा इथे अजून भोसल्यांचं राज्य होतं. सुवार्ता सांगायला आलेला हा माणूस शाळा चालवायचा, गोंडांमध्ये फिरायचा, आणि वेळ मिळाला की दगड फोडून जीवाश्म शोधायचा. एका खनिजालाही त्यांचं नाव मिळालं, हिस्लोपाइट. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची वर्तुळं पाहून ते घोड्यावरून परत निघाले. पावसाळ्याचे दिवस, नाल्याला पूर आलेला. त्या पाण्यातच ते गेले. त्यांच्या नावाचं कॉलेज निघालं १८८३ मध्ये, म्हणजे ते जाऊन वीस वर्षं झाल्यावर. आज त्या फाटकातून आत जाणाऱ्या पोरांना विचारा, हिस्लॉप कोण होते? निम्मी म्हणतील, कॉलेजचे मालक.

(दृश्य: दोन खोल्यांचं घर. अंगणात फुटक्या बादलीत कोथिंबीर.)

ती जुडी आली या बादलीतून. आजी मिशनच्या दवाखान्यात छत्तीस वर्षं नर्स होत्या. भिंतीला लागून पत्र्याची पेटी आहे, पेटीत त्यांच्या आईचं पवित्र शास्त्र. आजींनी ते उघडून दाखवलं. पानांना बारीक भोकं पडलेली.

"कसर," त्या म्हणाल्या. "कसर लागते म्हनून ज्या पानावर लिहिलं आहे, ते पानही खाल्लं तिनं."

आणि हसल्या. मी कॅमेरामनकडे पाहिलं, तोही हसत होता, म्हणून ते दृश्य थोडं हललंय. तसंच ठेवलं.

ऑपरेशनला नेण्याआधी पेशंटच्या अंगावरचे दागिने काढायचं काम आजींकडे असायचं. बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र. सगळं रुमालात बांधून, कागदावर लिहून नातेवाइकांच्या हाती द्यायचं.

"एक बाई होती," त्या सांगतात. "भूल चढेपर्यंत विचारत होती, सिस्टर, पोत लिहिली का? मणी मोजले का? मी हासली नाही तिले. तिच्याजवळ तेवढंच होतं. पैशाचा मोह करू नको, हे गरिबाले सांगनं सोपं आहे. श्रीमंताले सांगून पाहा एकदा."

हे वाक्य मी नंतर बऱ्याचदा ऐकलं, एडिटिंग करताना. येशूनेही ते श्रीमंतालाच सांगितलं होतं. तो तरुण खिन्न होऊन निघून गेला, कारण त्याच्याजवळ फार होतं. आणि मंदिरात दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकणाऱ्या विधवेला तो काहीच उपदेश करत नाही. शिष्यांना जवळ बोलावतो आणि तिच्याकडे बोट दाखवतो, एवढंच.

एक गैरसमज इथेच मिटवतो. पैसा हे सगळ्या वाइटाचं मूळ आहे असं पवित्र शास्त्र म्हणत नाही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात शब्द आहेत 'द्रव्याचा लोभ'. अब्राहाम श्रीमंत होता. येशूला ज्या कबरेत ठेवलं ती अरिमथाईच्या योसेफाची, आणि तो धनवान होता. जकातदार जक्कयाने निम्मी मालमत्ता गरिबांना देतो म्हटलं, तेव्हा उरलेली निम्मी का ठेवलीस असं त्याला कोणी विचारलं नाही.

(दृश्य: मोबाइलचा पडदा, आवाज बंद. सूट घातलेला एक उपदेशक हातवारे करतोय. चेहरा धूसर.)

आणि ही दुसरी बाजू. आज हजार रुपयांचं बी पेरा, वर्षात दहा हजारांची कापणी. गाडी मिळाली ही साक्ष, बंगला झाला ही साक्ष. ज्याची नोकरी गेली त्याने काय सांगायचं? विश्वास कमी पडला म्हणून? मला हे बघवत नाही, म्हणून याला या फिल्ममध्ये फक्त बारा सेकंद दिले आहेत. तेही संपले.

(दृश्य: वर्धा रोड. ले-आउटचे फलक एकामागे एक.)

नागपुरात प्लॉटचा विषय निघाला नाही असं लग्न होत नाही, आणि मयतीलाही तो कोपऱ्यात निघतोच. कुठे ले-आउट पडला, काय भाव चालू आहे, एनए झालं का, म्हणजे शेतजमीन बिगरशेती झाली का, एनआयटीचं, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासचं, आरएल (रिलीज लेटर) आहे का. चर्चच्या अंगणातही हेच बोलतात. आपलीच गोष्ट आहे, लपवून काय करायचं? मंडळ्यांच्या स्वतःच्या जमिनींवरून कोर्टात गेलेले लोकही रविवारी याच बाकांवर बसतात.

या व्यवहारातला एक शब्द आहे, इसार. सौदा ठरला की थोडे पैसे आधी द्यायचे आणि इसारचिठ्ठी करायची. बाकीची रक्कम रजिस्ट्रीच्या वेळी. मराठी पवित्र शास्त्रात हाच शब्द आहे, 'विसार'. इफिसकरांस पत्र, पहिला अध्याय. प्रेषित पौल तिथे देवाने दिलेले आध्यात्मिक आशीर्वाद सांगत जातो. देवाने दत्तक घेतलं, पापांची क्षमा झाली, वतन मिळालं, आणि पवित्र आत्मा हा त्या वतनाचा विसार. मूळ ग्रीक शब्द 'अर्राबोन', तोही बाजारातलाच, आगाऊ रकमेसाठी वापरला जाणारा. आणि वतनाची ही भाषा करणारा माणूस त्याच पत्रात स्वतःला बंदिवान म्हणवतो.

वतन हा शब्द आपल्याकडे सगळ्यांना गोड लागत नाही, याची मला कल्पना आहे. महार वतनाच्या, म्हणजे पिढीजात गावकामाच्या बेडीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात विधेयक आणलं होतं. ज्या घरांनी ते वतन भोगलं नाही, सोसलं, त्यांच्या कानाला हा शब्द टोचणारच. मराठी मंडळीत 'अविनाशी वतन' वाचलं जातं तेव्हा प्रत्येकाला त्यात वेगळं काहीतरी ऐकू येत असेल.

आजींना मी विसाराबद्दल विचारलं. त्यांचं उत्तर कापलेलं नाही.

"इसार म्हंजे पूर्ण पैसा नाही, एवढं समजलं का बाकी समजते. अर्धं आत्ताच मागितलं तर सौदा मोडते. माहे मालक गेले तेव्हा मी बत्तीसची. तेव्हा देवानं फसवलं असं नाही वाटलं काय? वाटलं. वर्षभर चर्चमध्ये गेली नाही मी. मंग एक दिवस ड्यूटीवर, रात्रीची वेळ, एका पेशंटसाठी प्रार्थना करत होती, अन् माह्या ध्यानात आलं का मी प्रार्थना करून राहिली. कोणी केली ते सुरू? मी तर बंद केली होती. तो इसार."

(शांतता. बाहेर सायकलवरचा भाजीवाला ओरडत जातो.)

मराठी ख्रिस्ती माणसाला नागपूरची आणखी एक आठवण आहे, रेल्वेची. कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला जात होते. डब्यात एका गोऱ्या माणसाशी बोलणं झालं आणि त्याने त्यांना नवा करार दिला. टिळक वाचत डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथेच अडकले. कसर आणि जंग त्याच प्रवचनात आहे. १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. जात गेली, नातेवाईक दुरावले, बायको लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे १९१७ मध्ये मिशनची पगारी चाकरीही त्यांनी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यांची भजनं आज सकाळीही म्हटली गेली, पेटी आणि ढोलकीवर. ढोलकी थोडी पुढे पळत होती.

(दृश्य: मांडव. एक शेतकरी कापडी पिशवी टेबलावर रिकामी करतो.)

अकरा संत्री. काटोलकडचे हे भाऊ दरवर्षी हार्वेस्टला दोन कॅरेट आणतात. यंदा आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या बहाराची, फळगळ झाली, झाडाखाली सडा पडला. जी हाताला लागली ती अकरा.

हबक्कूक संदेष्ट्याचं पुस्तक तीनच अध्यायांचं आहे. शेवटी तो म्हणतो, अंजीर फुललं नाही, द्राक्षाला फळ आलं नाही, जैतुनाने दगा दिला, गोठ्यात गुरं उरली नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. सकाळचा शास्त्रपाठ हाच होता, आणि तो या भाऊंनीच वाचला. मी त्यांना विचारलं, होतो का असा आनंद?

"खोटं काऊन बोलू?" ते म्हणाले. "रात्री झोप नाही लागत. सोसायटीचं कर्ज आहे. पण ते वाचताना आवाज नाही कापला माहा. घरून निघताना वाटलं होतं का कापन."

मग थोडं थांबून, "त्याच्यात संत्र्याचं नाव नाही पण. अंजीर आहे, द्राक्ष आहे."

अकरा संत्र्यांची बोली बावीसशेवर गेली. घेणाऱ्याने एकेक फळ सोलून मांडवात वाटलं. माझ्या वाट्याला दोन फोडी आल्या. आंबट होत्या.

(दृश्य: परत टेबल. जुडी.)

जुडी आता मलूल झाली आहे, पानं मान टाकू लागलीत. तिसरी बोली साडेचारशेला सुटली. घेणारा मुलगा मिहानमध्ये, विमानतळाजवळच्या कंपन्यांच्या वसाहतीत, नोकरी करतो, खोली घेऊन एकटाच राहतो, आणि स्वयंपाकात त्याला मॅगी येते. खजिनदाराने वहीत तिसरी ओळ घातली. यंदाचे पैसे मुलींच्या वसतिगृहाच्या छपराला जायचे आहेत, पावसाळ्यात दोन पत्रे उडाले होते.

पोरगं जुडी हातात घेऊन इकडेतिकडे बघत उभं राहिलं. मग सरळ आजींसमोर गेलं.

"आजी, हे घ्या. मले काय करता येते याचं?"

"माहीच जुडी मलेच देतं काय रे?"

"मंग काय करू?"

आजींनी जुडी हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली, पिवळी पानं खुडून पदराच्या टोकात ठेवली.

"चाल घरी. वरण लावलं आहे सकाळीच. पातेलं तू उतरवून दे, माह्याच्यानं नाही होत."