वजनकाट्यावरून अगत्तीला

पार्ल्यात विमान डोक्यावरून गेलं की बोलणं आपोआप थांबतं. विमान पुढे सरकतं आणि अर्ध्यावर राहिलेलं वाक्य बाबा त्याच शब्दापासून उचलतात. आज ते अगत्तीची गोष्ट सांगतायत, म्हणजे दोन-तीनदा तरी थांबावं लागणार.

लक्षद्वीपच्या ३६ बेटांपैकी वस्ती १० बेटांवर, आणि विमानाची धावपट्टी फक्त अगत्तीवर. ती १९८८ साली सुरू झाली. लांबी जेमतेम १,२०० मीटर, दोन्ही टोकांना समुद्र. आपल्या सांताक्रूझची मोठी धावपट्टी याच्या जवळजवळ तिप्पट.

पुढच्याच वर्षी आई-बाबा निघाले. कोकण रेल्वे व्हायची होती. गाडी देशावरून वळसा घालत केरळात जायची. "एर्नाकुलमला उतरलो तरी पायाखालची जमीन डुलतच होती!"

कोचीचा विमानतळ तेव्हा विलिंग्डन बेटावर, नौदलाच्या तळावर होता. तेही बेट बंदराचा गाळ उपसून, भर घालून केलेलं. म्हणजे बेटावरून उडायचं आणि बेटावरच उतरायचं.

विमान वायुदूत या सरकारी विमान कंपनीचं, डॉर्नियर बनावटीचं. आसनं १९. या बाजूला एक, त्या बाजूला एक, त्यामुळे खिडकीवरून भांडण नाही. पंख वर, म्हणून खाली बघताना आड काही येत नाही. केबिनमध्ये हवेचा दाब राखायची सोय नव्हती, त्यामुळे ते फार उंच जात नसे. सव्वा तास खाली नुसता समुद्र. आवाज असा की खुणांनीच बोलायचं. पार्लेकरांना त्याची सवय होतीच.

पण बाबा खरे रंगतात ते वजनकाट्यावर. लहान विमान, आखूड पट्टी, एकेक किलो मोजायचा. सामानाबरोबर माणसंही काट्यावर! आईने तिकडच्या ओळखीच्यांसाठी हापूसची पेटी घेतली होती. ती जास्त भरली.

"मग?"

"मग काय, खाल्ले. रांगेतल्या सगळ्यांना वाटले. काट्यावरच्या माणसालासुद्धा."

पोटात गेलेल्या आंब्यांचं वजन कुठे गेलं, हे तेव्हा कुणीच विचारलं नाही.

"आधी निळंशार. मग पाणी फिकं होत गेलं, तळाची वाळू दिसायला लागली. विमान खाली खाली येतंय, आणि जमीन काही दिसेना. चाकं टेकली तेव्हा कळलं, आहे बाबा जमीन!"

वायुदूत १९९३ मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. पुढे त्याहून मोठी, एटीआर बनावटीची विमानं आली. पट्टी आखूडच राहिली. भार कमी ठेवावा लागतो तो त्यांनाही.

बाबांची त्या प्रवासाची हिशेबाची वही अजून आहे. परवान्याचा खर्च, होडीचं भाडं, शहाळी. आणि खाली, शेवटच्या ओळीत, दोघांची वजनं. बाबांचं ५८ किलो. आईच्या आकड्यावर, तुम्ही बघताय, बाबांनी अंगठा ठेवलाय. त्या अटीवरच तिने वही कॅमेऱ्यासमोर आणू दिली.